त्रेपन्न मीटर खालचा हिशेब

पुसदहून समुद्र कुठल्याही दिशेने दूरच. आमचे पाणी म्हणजे पूस नदी आणि इसापूरचे धरण. तरी गेले तीन महिने माझ्या टेबलावर श्रीलंकेचा नकाशा पसरलेला आहे. तारकर्लीला स्कुबा शिकून पुढे खोल पाण्याचे प्रशिक्षण घेतलेली माझी लेक येत्या एप्रिलमध्ये बट्टिकलोआजवळ बुडालेल्या 'हर्मीज'वर उतरणार आहे. आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलेल्या बापाकडे तिने आकडेमोड तपासायला दिली.

विमानवाहू म्हणूनच आराखडा झालेली ही जगातली पहिली नौका. ९ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी ती बुडवली, तेव्हा तिच्यावर स्वतःचे एकही विमान नव्हते. तीनशेहून अधिक माणसे गेली. आज ती सुमारे ५३ मीटरवर डाव्या कुशीवर पडून आहे. इसापूर धरणाची उंची ५७ मीटर; म्हणजे जवळपास तेवढेच पाणी डोक्यावर.

दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो. ५३ मीटरवर तो ६.३ पट होतो. वर मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्याला तिथे १२६ लिटर लागते. पाठीवर १२ लिटरच्या दोन टाक्या, २०० बारच्या: ४,८०० लिटर. जहाजाच्या आत शिरायचे, तर एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश परतायला आणि उरलेला जोडीदाराची हवा संपली तर त्याच्यासाठी. जायला १,६०० लिटर, म्हणजे जेमतेम तेरा मिनिटे. उतरण्याचा खर्चही त्यातच. लेकीच्या वहीत लिहिले होते वीस.

हवेतला नायट्रोजन तीस मीटरनंतर दारूसारखा चढू लागतो, म्हणून तिच्या टाकीत हेलियम मिसळलेला वायू असेल. पण रक्तात आणि मांसात विरघळलेला वायू बाहेर पडायला वेळ लागतोच. झटकन वर आले तर त्याचे बुडबुडे होतात. हॅल्डेनने शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ साली टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके छापली; शेळ्यांचे हे उपकार फारसे कुणी आठवत नाही. तळाशी वीस मिनिटे घालवली, तर वर यायला त्याहून जास्त लागतात, शेवटची बरीचशी सहा मीटरवर, दोरी धरून. वर बोट दिसत असते आणि जाता येत नाही. पाणी उबदार असल्याने सारे सोपे वाटते. उकाड्यात बोटीवर घाम जाऊन शरीर सुकते आणि धोका वाढतो, हे मात्र मला तिनेच शिकवले.

ऋतूचा हिशेब उलटा आहे. आपल्याकडे पावसाळ्यात कोकण झोडपले जाते, तेव्हा तो पूर्व किनारा त्या मानाने शांत असतो.

मी वीसवर लाल रेघ मारली. फोनवर दोन दिवस भांडण झाले. शेवटी तिने वहीतला 'आत' हा शब्द खोडला, बाहेरूनच पाहणार. एक रकाना मात्र रिकामा होता: उतरणे रद्द कोण करणार? मी विचारले. तिने लिहून पाठवले, 'कोणीही, केव्हाही. कारण विचारायचे नाही.'