शेगडीची खालची बाजू

मराठी घरांत 'शेगडी' हा शब्द गॅसच्या आधीपासून रुळलेला आहे. कोळशाच्या शेगडीचे नाव गॅसच्या उपकरणाने जसेच्या तसे घेतले, आणि रोजच्या बोलण्यात तर शेगडी, सिलिंडर व आतले इंधन या तिन्हींसाठी 'गॅस' हा एकच शब्द पुरतो. नावांच्या या सरमिसळीत एक फरक मात्र नजरेआड होतो. कोळशाच्या शेगडीत इंधन शेगडीच्या पोटातच असे. गॅसच्या शेगडीत ते बाहेरून येते, आणि हवेशी योग्य प्रमाणात मिसळून ते बर्नरच्या तोंडाशी आणून देणे एवढेच तिचे काम उरते. हे काम वरच्या चकचकीत काचेवर होत नाही, तर ग्राहक सहसा ज्या बाजूला पाहतच नाही त्या खालच्या बाजूला होते. म्हणून शेगडीची पारख तिच्या रूपावरून न करता ती ज्योत कशी घडवते यावरून करणे अधिक युक्त ठरते.

चुलीपासून बर्नरपर्यंत

गॅसवर स्वयंपाक करण्याच्या उपकरणाचे एक आरंभीचे एकस्व इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टन येथील जेम्स शार्प यांनी १८२६ मध्ये घेतले. परंतु आजच्या शेगडीचे तत्त्व १८५५ च्या सुमारास जर्मनीतील हायडेलबर्ग येथे रॉबर्ट बुन्सेन यांच्या प्रयोगशाळेसाठी बनलेल्या बर्नरमध्ये स्पष्टपणे दिसते. जळण्यापूर्वीच गॅसमध्ये हवा मिसळली, तर काजळी न धरणारी निळी व अधिक उष्ण ज्योत मिळते, हे ते तत्त्व होय. मुंबईत दगडी कोळशापासून बनवलेला गॅस एकोणिसाव्या शतकातच आला होता, तो प्रामुख्याने दिवाबत्तीसाठी. घरगुती स्वयंपाकासाठी द्रवरूप पेट्रोलियम वायू बर्मा शेल कंपनीने १९५० च्या दशकाच्या मध्यास मुंबईत आणला, आणि इंडियन ऑइलची 'इंडेन' ही जोडणी १९६५ मध्ये कोलकात्यात प्रथम दिली गेली. त्यानंतरही कित्येक वर्षे सामान्य घरांचा आधार रॉकेलचा स्टोच होता, मग तो पंप मारून पेटवायचा असो वा वातीचा.

चुलीवरच्या स्वयंपाकाची एक रीत मात्र शेगडी निवडताना आजही मार्गदर्शक ठरते. चुलीला लागून वैल असे. मुख्य जाळाची उरलेली आच त्याच्या तोंडातून बाहेर येई, आणि भाकरी चुलीवर होत असताना आमटी किंवा दूध त्या वैलावर मंद तापत राही. एकाच वेळी प्रखर व मंद अशा दोन आचा लागतात, ही स्वयंपाकघराची गरज इंधन बदलल्याने बदललेली नाही. म्हणून एकाच मापाचे दोन बर्नर असलेल्या शेगडीपेक्षा एक मोठा व एक लहान बर्नर असलेली शेगडी बहुतेक घरांना अधिक उपयोगी पडते.

ज्योत कशी घडते

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलोग्रॅम इंधन असते. प्रोपेन व ब्युटेन या दोन वायूंचे हे मिश्रण दाबाखाली द्रवरूपात राहते, आणि दाब कमी होताच वायुरूप घेऊन सुमारे अडीचशे पट जागा व्यापते. सिलिंडरमधला दाब वातावरणाच्या दाबाहून कित्येक पट असतो. रेग्युलेटर तो उतरवून दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३० ग्रॅम इतक्या अल्प अतिरिक्त दाबावर आणतो. एवढ्या दाबाने गॅस नळीतून नॉबपर्यंत व तेथून 'जेट' नावाच्या लहानशा पितळी तुकड्यापर्यंत पोहोचतो. जेटचे छिद्र एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असल्याने गॅस त्यातून वेगाने बाहेर पडतो व त्या वेगाच्या ओढीने आजूबाजूची हवा सोबत खेचून मिक्सिंग ट्यूबमध्ये, म्हणजे बर्नरखालच्या मिश्रणनळीत, शिरतो. ज्वलनापूर्वी मिसळलेल्या या हवेला प्राथमिक हवा म्हणतात. उरलेली हवा ज्योतीला बाहेरून मिळते, ती दुय्यम हवा होय.

हे प्रमाण किती मोठे आहे, हे सहसा लक्षात येत नाही. एक लिटर प्रोपेन पूर्ण जळण्यास सुमारे २४ लिटर, तर एक लिटर ब्युटेनला सुमारे ३१ लिटर हवा लागते. हवा अपुरी पडली की ज्योत पिवळी होते, कारण न जळलेल्या कार्बनचे कण तिच्यात तापून प्रकाशू लागतात, आणि तेच कण भांड्याच्या बुडाला काजळी होऊन बसतात. प्राथमिक हवा अति झाली, तर ज्योत बर्नरच्या छिद्रांपासून उचलली जाऊन फरफर आवाज करते. छिद्रांना चिकटून राहणारी, शांत व निळी ज्योत हीच योग्य मिश्रणाची खूण होय. ज्योतीच्या आतला गडद निळा शंकू भांड्याच्या थंड बुडाला टेकला, तर तेथील ज्वलन अर्धवट राहून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होऊ शकतो. त्यामुळे भांडे ज्या आधारावर बसते त्याची उंचीही ज्वलनाचाच भाग ठरते, आणि मूळ आधार मोडल्यावर भलत्याच मापाचा आधार आणून बसवणे योग्य नव्हे.

सिलिंडर की पाइप गॅस

मुंबईत महानगर गॅस व पुणे परिसरात महाराष्ट्र नॅचरल गॅस या कंपन्यांमार्फत घरोघरी येणारा पाइप गॅस मुख्यतः मिथेन असतो. तो हवेपेक्षा हलका असल्याने गळती झाल्यास वर छताकडे जातो, तर सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत, ओट्याखालच्या कोनाड्यात साचतो. सारख्याच आकारमानाच्या मिथेनमध्ये उष्णता बरीच कमी असते, आणि तो शेगडीला मिळतो तोही कमी दाबाने. म्हणून पाइप गॅसच्या जेटचे छिद्र मोठे असावे लागते, आणि एकासाठी बनलेली शेगडी जेट न बदलता दुसऱ्याला जोडता येत नाही. सिलिंडरच्या शेगडीसाठी आयएस ४२४६ व पाइप गॅसच्या शेगडीसाठी आयएस १७१५३ अशी भारतीय मानक ब्यूरोची दोन वेगळी मानके आहेत, ती याच कारणाने. ज्या इमारतीत पाइप गॅस लवकरच येणार आहे, तेथील ग्राहकाने शेगडी घेण्यापूर्वी तिचे जेट बदलून मिळतात का, याची चौकशी करणे हिताचे असते.

निवडीचे निकष

पहिला निकष आयएसआय चिन्हाचा. आयएस ४२४६ नुसार शेगडीची औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते. औष्णिक कार्यक्षमता म्हणजे इंधनातील उष्णतेपैकी भांड्यातील पदार्थापर्यंत पोहोचणारा वाटा. तो ठरावीक मापाच्या भांड्यात पाणी तापवून मोजला जातो. ६८ टक्के कार्यक्षमतेची शेगडी १४.२ किलोग्रॅम गॅसमध्ये जेवढे काम करते, तेवढेच काम ७२ टक्क्यांची शेगडी सुमारे १३.४ किलोग्रॅममध्ये करते, म्हणजे दर सिलिंडरमागे जवळजवळ ८०० ग्रॅम गॅस वाचतो.

दुसरा निकष बर्नरचा. पितळी बर्नर महाग असला तरी गंजत नाही व वर्षानुवर्षे आकार टिकवतो. बिडाचा बर्नर भक्कम असतो, पण उतू गेलेल्या पाण्याने गंजतो. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा बर्नर हलका व स्वस्त असून तुलनेने लवकर झिजतो. बर्नरचा वरचा भाग सहज सुटणारा असावा, कारण उतू गेलेल्या दुधाने बुजलेली छिद्रे साफ करता आली नाहीत, तर उत्तम बर्नरही पिवळी ज्योत देऊ लागतो.

तिसरा निकष बर्नरमधील अंतराचा, आणि येथे तीन किंवा चार बर्नरच्या शेगड्यांचे आकर्षण पुष्कळदा फसवे ठरते. एका बाजूला कुकर व दुसऱ्या बाजूला चकल्यांची कढई बसली की मधला बर्नर झाकला जातो, आणि चार बर्नर असूनही भांडी दोनच मावतात. दुकानात जाताना घरातल्या सर्वांत मोठ्या कढईचा व कुकरचा व्यास आणि ओट्याची रुंदी मोजून नेल्यास हा घोटाळा टळतो. मोठ्या बर्नरवर लहान पातेले ठेवल्यास ज्योत बाजूने वर चढून उष्णता वाया जाते, तर पुरणपोळीच्या रुंद तव्याखाली लहान बर्नर असल्यास मध्यभाग करपतो व कडा कच्च्या राहतात.

काच की स्टील, हा प्रश्न यानंतरचा आहे. शेगडीची काच मुद्दाम कणखर केलेली असते व फुटलीच तर तिचे धारदार तुकडे न होता बारीक खडे होतात. तरीही तापलेल्या काचेवर गार पाणी पडल्यास किंवा जड भांडे आदळल्यास ती फुटू शकते. स्टीलला पोचे व चरे पडतात, पण खलबत्त्याच्या शेजारी नांदण्याची त्याची तयारी अधिक असते. ओट्यात कापून बसवलेल्या शेगडीत, म्हणजे हॉबमध्ये, पुष्कळदा ज्योत विझताच गॅस बंद करणारी सोय असते: ज्योतीत ठेवलेल्या दोन धातूंच्या जोडापासून अत्यल्प वीज निर्माण होऊन झडप उघडी राहते, आणि ज्योत विझून जोड थंड झाला की ती मिटते. विसराळूपणा वाढलेल्या वृद्धांच्या घरात ही सोय काचेच्या नक्षीपेक्षा कितीतरी मोलाची आहे.

ओट्यावर बसवताना

सिलिंडर नेहमी उभा व शेगडीच्या पातळीखाली असावा. तारेचे अस्तर असलेली आयएसआय चिन्हाची सुरक्षा नळी दीड मीटरपेक्षा लांब नसावी आणि पाच वर्षांनी बदलावी. शेगडी खिडकीच्या थेट झोतात ठेवू नये, कारण वाऱ्याने विझलेल्या मंद ज्योतीचा आवाज येत नाही. गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन या द्रव्याचा वास येईपर्यंत गळती चालूच राहते.

दुकानात शेगडी पेटवून पाहण्याची सोय क्वचितच असते, त्यामुळे ज्योतीची परीक्षा तेथे होत नाही. मात्र शेगडी उलटी करून पाहता येते. खाली जेट घट्ट व सरळ रेषेत आहे का, मिश्रणनळी बर्नरखाली नीट बसली आहे का, गॅसची आतली नळी पातळ पत्र्यावर लोंबकळत आहे की आधाराने धरली आहे, पायांचे रबर भक्कम आहे का, एवढे पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. वरच्या काचेवर उमटलेली फुले विक्रेता आपणहून दाखवतोच. खालची बाजू मात्र ग्राहकाने मागितल्याशिवाय कोणी दाखवत नाही.