नवी मोटारसायकल घेताना भाव कुठे करावा?

गवंडी, प्लंबर, वेल्डर, गावोगावचे आठवडी बाजार करणारे कापडवाले, मसालेवाले, बांगडीवाले, या सर्वांचा धंदा आज मोटारसायकलवर चालतो. परंडा, भूम, कळंब, तुळजापूर किंवा उमरगा, जिल्ह्याच्या कोणत्याही भागात सकाळी रस्त्यावर पाहिले की याची खात्री पटते. या गाडीसाठी लाखाच्या आसपास रक्कम एका दिवसात मोजावी लागते. आणि आपल्या दुकानात पाच-दहा रुपयांसाठी गिऱ्हाइकाशी अर्धा तास बोलणारा व्यापारी शोरूममध्ये मात्र सांगितलेली रक्कम निमूटपणे देऊन येतो.

एके काळी हे ठीक होते. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे, तेव्हा भाव करणार कोण? आज गाडीच शोरूममध्ये गिऱ्हाइकाची वाट पाहते. फक्त भाव कोणत्या रकमेवर करायचा हे समजून घेतले पाहिजे.

कोटेशनची फोड

शोरूममध्ये दोन किमती सांगतात. ‘एक्स-शोरूम’ ही कंपनीने जाहीर केलेली, जीएसटीसह किंमत. ‘ऑन-रोड’ म्हणजे गाडी रस्त्यावर येईपर्यंतचा सारा खर्च. एक्स-शोरूम किमतीत विक्रेत्याच्या हातात थोडेच असते. खरी गंमत या दोन किमतींच्या मधल्या रकमेत असते. म्हणून तोंडी आकडा ऐकून घेऊ नये. प्रत्येक बाब वेगळी लिहिलेले छापील कोटेशन मागावे.

त्यातील काही बाबींवर घासाघीस करून उपयोग नाही. महाराष्ट्राचा एकरकमी वाहन कर इंजिनाच्या क्षमतेनुसार ठरतो. नोंदणीची केंद्रीय फी मोटारसायकलसाठी ३०० रुपये आणि स्मार्ट कार्डाची २०० रुपये आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्याचा हप्ता सरकार ठरवते. २०२२ च्या अधिसूचनेत ७५ ते १५० सीसीच्या गाडीसाठी तो ३,८५१ रुपये होता.

बाकीच्या बाबींवर मात्र जरूर बोलावे :

१) गाडीच्या नुकसानीचा विमा. हा भाग कंपनीगणिक बदलतो. विमा शोरूममधूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही. बाहेरच्या एजंटाकडून आकडा आणून समोर ठेवावा. मालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आधीच असेल तर तो पुन्हा घेण्याची गरज नसते.

२) ‘हँडलिंग’, ‘लॉजिस्टिक’, ‘फाइल चार्ज’. या नावांची कोणतीही सरकारी फी नाही. हा पैसा कशाचा, असे शांतपणे विचारावे आणि काढून टाकण्यास सांगावे.

३) सीट कव्हर, लेग गार्ड, मॅट, पॉलिश. जे नको ते कापावे. हवे असेल तर बाजारातील भाव आधी पाहून ठेवावा.

४) हेल्मेट. नव्या दुचाकीसोबत मानक हेल्मेट देण्याची जबाबदारी केंद्रीय मोटार वाहन नियमांनी उत्पादकावरच टाकली आहे.

करकपात ही सवलत नव्हे

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलीवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. करापूर्वी ७०,००० रुपयांची गाडी पूर्वी ८९,६०० ला पडे, ती ८२,६०० ला पडू लागली. हे ७,००० रुपये सरकारने सोडले आहेत. ते ‘आमच्याकडून सूट’ म्हणून दाखवले तर मान्य करू नये. जीएसटी नंबर असलेल्या व्यापाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की स्वतःच्या वापराच्या मोटारसायकलीवर भरलेल्या जीएसटीची वजावट साधारणपणे मिळत नाही. धंद्याच्या हिशोबात घसारा मात्र धरता येतो.

वेळ आणि ठिकाण

विक्रेत्याला गाडी विकण्याची गरज जितकी मोठी, तितका भाव उतरतो. मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बीएस-३ गाड्यांच्या विक्रीवर १ एप्रिलपासून बंदी घातली, तेव्हा शेवटच्या दोन दिवसांत कंपन्यांनी दुचाकींवर दहा हजारांहून अधिक सूट दिली. अशी संधी रोज येत नाही. पण लहान संधी दरवर्षी येतात.

सोयाबीनचे पैसे हाती आले की दसरा-दिवाळीला शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत कंपनीची योजना मिळते, विक्रेता मात्र आपल्या खिशातले सोडत नाही. त्याआधीच्या पितृपंधरवड्यात बहुतेक हिंदू बांधव नवी खरेदी टाळतात आणि शोरूम रिकामे असते. आपल्याला अडचण नसेल तर बोलणी करण्यास हा पंधरवडा उत्तम. महिनाअखेरीस विक्रीचे उद्दिष्ट गाठायचे असते, तेव्हाही हात सैल होतो. डिसेंबर-जानेवारीत उत्पादनाचा महिना आणि वर्ष विचारावे. आरसीवर तेच छापले जाते आणि पुढे गाडी विकताना त्यावरूनच किंमत होते. गेल्या सालची गाडी असेल तर जादा सूट मागणे रास्त आहे.

कोटेशन एकाच ठिकाणी घेऊ नये. धाराशिवचे एक, लातूरचे एक आणि सोलापूर किंवा बार्शीचे एक घ्यावे. बाहेरून घेताना नोंदणी आपल्या पत्त्यावर, म्हणजे एमएच-२५ मध्ये, कोण करून देणार हे लिहून घ्यावे. उमरगा, मुरूमकडील मंडळींना कर्नाटकातील भाव स्वस्त वाटतो, पण गाडी इकडे वापरायची तर कर महाराष्ट्राचाच भरावा लागतो.

रोख की हप्ते?

‘रोख देतो, कमी करा’ हे वाक्य सुरुवातीलाच टाकू नये. कर्ज करून दिल्याबद्दल विक्रेत्याला फायनान्स कंपनीकडून कमिशन मिळते, त्यामुळे रोखीचे गिऱ्हाईक त्याला नेहमीच प्रिय असते असे नाही. आधी ऑन-रोड भाव ठरवावा, मग पैसे कसे देणार ते सांगावे.

व्याज टाळणाऱ्यांनी ‘शून्य टक्के’ या शब्दावर विसंबू नये. शून्य व्याज असे काही नसते, खर्च दुसऱ्या नावाने वसूल होतो, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. ‘फ्लॅट’ दरही फसवा असतो. समजा ६०,००० रुपये दोन वर्षांसाठी फ्लॅट १० टक्क्यांनी घेतले. व्याज १२,००० आणि हप्ता ३,००० चा. मुद्दल दरमहा फिटत असताना व्याज मात्र पूर्ण रकमेवर लागते, म्हणून खरा दर सुमारे १८ टक्के पडतो. सहा-आठ महिने भिशीत किंवा गल्ल्यातून पैसे बाजूला टाकून गाडी घेतली तर हे १२,००० घरातच राहतात.

शेवटी, ठरलेला भाव कोटेशनवर सहीशिक्क्याने घ्यावा आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. पावतीबाहेर पैसे मागितले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही. तिथे कागदच बोलतो. उधारीची वही लिहिणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.