बाकावर जागा झाली, धड्यात कधी?

संपादकांनी डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या नेहमीच्या शाळेतल्या शिक्षणाचा आढावा मागितला आणि ‘तटस्थपणे लिहा’ असंही बजावलं. या विषयात हयात घालवलेल्या माणसाकडे तटस्थपणा मागू नये. कायदे आणि योजना यांवरून मी भराभर जाणार आहे आणि वाचनापाशी मुक्काम ठोकणार आहे. ज्यांना हे मानवणार नाही, त्यांच्यासाठी अंकात राशिभविष्य असेलच.

आपल्याकडची गोष्ट मुंबईत १९४४ साली सुरू होते. होरमसजी आणि जय वकील या दांपत्याच्या दीनाला डाऊन सिंड्रोम होता आणि तिला शाळा मिळेना. शेवटी त्यांनी स्वतःच शाळा काढली. शिवडीची जय वकील शाळा ती हीच. पुढे १९६४ मध्ये पुण्यात कामायनी ही विशेष शाळा आली. नेहमीच्या शाळांनी दार लावून घेतलं म्हणून विशेष शाळा जन्माला आल्या. हे विसरून काही जहाल समावेशवादी त्यांना आज कोंडवाडे म्हणतात. मी म्हणणार नाही. त्या नसत्या तर ही मुलं शिकतात एवढंही या राज्याला कळलं नसतं. पण नाइलाजाने काढलेल्या वाटेलाच राजमार्ग मानून बसलेल्यांशीही माझं पटत नाही.

आता कागदपत्रं. अपंग मुलांना शक्य तिथे नेहमीच्या शाळेत घ्या, हे कोठारी आयोगाने १९६६ सालीच सांगून ठेवलं. आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक, तेव्हा मराठी माणसाने थोडी छाती फुगवायला हरकत नाही. मग १९७४ ची केंद्राची एकात्म शिक्षणाची योजना, १९९४ चा समावेशक शिक्षणाचा सालामांका जाहीरनामा, १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा, २००९ चा शिक्षणहक्क कायदा आणि २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा. या शेवटच्या कायद्याने सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. जवळची शाळा की विशेष शाळा, हे ठरवायची मुभाही दिली. सगळं उत्तम. पण सोमवारी दुसऱ्या तासाला मराठीच्या बाईंनी या मुलाला नेमकं काय शिकवायचं, याचं उत्तर यातल्या एकाही कागदात नाही. त्यात आपल्याकडे नेहमीच्या शाळा शालेय शिक्षण विभागाकडे, तर विशेष शाळा वर्षानुवर्षं सामाजिक न्याय विभागाकडे आणि २०२२ पासून नव्या दिव्यांग कल्याण विभागाकडे. मूल एकच, पण एका शाळेतून दुसरीत जायचं तर त्याच्या बापाला दोन खात्यांचे जिने चढावे लागतात.

सुटलो. आता माझा मुक्काम.

१९८० साली इंग्लंडात लेस्ली डफन या गृहस्थांनी पोर्टस्मथच्या मानसशास्त्रज्ञ स्यू बकली यांना एक पत्र लिहिलं. त्यांच्या सारा या लेकीला डाऊन सिंड्रोम होता. ती तीन वर्षांची असल्यापासून ते तिला शब्द लिहिलेल्या पट्ट्या दाखवून वाचायला शिकवत होते. त्यांचा दावा असा, की साराचं बोलणं या वाचनातून आलं. ज्या देशात १९७१ पर्यंत अशा बहुतेक मुलांना शिक्षणास अपात्र ठरवून शाळांच्या यंत्रणेबाहेर ठेवत होते, तिथे दहाएक वर्षांत एक बाप हे लिहीत होता. बकलीबाईंनी पत्र फायलीत न टाकता तपासायला घेतलं आणि त्यातून पुढचं सगळं काम उभं राहिलं.

वाचनातून बोलणं येण्यामागचं कारण सरळ आहे. या मुलांचं कानावाटे लक्षात ठेवणं कच्चं असतं. ‘वही काढ, तारीख टाक, चित्र काढ’ यातलं पहिलं उरतं, बाकीचं विरून जातं. त्यात अनेकांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं. पावसाळ्यात सर्दी मुरली की ऐकू येणं आणखी घटतं आणि बाई म्हणतात, ‘हट्टी झालाय’. उलट डोळ्यांनी पाहिलेलं पक्कं बसतं. बोललेला शब्द हवेत विरतो, लिहिलेला समोर थांबतो.

म्हणून बाराखडीवाल्यांशी माझं भांडण जुनं आहे. त्यांचं म्हणणं, आधी अक्षरं, मग काना-मात्रा, मग शब्द, आणि हे सगळं तालात घोकून. म्हणजे जी शक्ती मुलात सर्वांत कमी, तिच्यावरच पहिला भार! दोन वर्षं ‘क का कि की’ करून मूल कंटाळतं, बाई थकतात आणि प्रगतिपुस्तकात ‘वाचनक्षमता नाही’ असा शेरा पडतो. मी म्हणतो, शब्दापासून सुरुवात करा. आई, बाबा, दूध, बस. दोन सारख्या पट्ट्या जुळवायला द्या. मग ‘दूध कुठंय, दाखव’. मग ‘हे काय, सांग’. हाच क्रम ठेवा, कारण सांगणं सर्वांत अवघड आणि दाखवणं त्याहून सोपं. चाळीस-पन्नास शब्द डोळ्यांत बसले की अक्षरं त्यांतूनच सुटी करता येतात. बाराखडी मी टाकून देत नाही, तिची पाळी नंतर आणतो.

आणि मराठीसारख्या भाषेत या पद्धतीचा जो फायदा आहे, तो मला कुठल्याच इंग्रजी पुस्तकात सापडला नाही. दादा आला, ताई आली, बाळ आलं. आपलं व्याकरण शब्दाच्या शेपटात असतं आणि शेपूट आपण बोलताना गिळतो. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला तिन्ही ‘आल’च वाटतात. पट्टीवर मात्र काना, वेलांटी, अनुस्वार ठळक दिसतात. ‘ताई आला’ म्हणणारी मुलं ‘ली’ची पट्टी बोटाने सरकवून वाक्य दुरुस्त करताना मी पाहिली आहेत. व्याकरण समजावून सांगण्याचा खटाटोप तिथे लागला नाही.

एका जिल्हा परिषद शाळेत दुसरीच्या बाईंनी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर असे शब्द लिहिले होते. डाऊन सिंड्रोम असलेली मुलगी पहिल्या बाकावर, कारण ऐकू कमी. पट्ट्या तिच्यासाठी केलेल्या, पण वाचनात मागे पडलेली पाच-सहा पोरंही त्यांवर तुटून पडायची. एका शनिवारी बाईंनी फळ्यावर ‘सोमवारी सुट्टी’ असं लिहिलं आणि त्या वळायच्या आत या मुलीने दप्तर आवरायला घेतलं. वर्गाला बातमी तिच्याकडून कळली. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, ‘हिच्यासाठी वेगळा कार्यक्रम कोणता?’ बाईंनी पट्ट्यांचा डबा पुढे केला. साहेबांना त्यांच्या तक्त्यात डब्याचा रकाना सापडला नाही.

बकलीबाई आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या आणि विशेष शाळांत वाढलेल्या किशोरवयीन मुलांची तुलना केली, ती २००६ साली छापून आली. भाषा आणि साक्षरता यांत नेहमीच्या शाळेतली मुलं वर्षांच्या हिशेबात पुढे होती. स्वतःचं स्वतः करण्यात, म्हणजे ज्यासाठी विशेष शाळेचा आग्रह धरतात त्यात, ती मागे नव्हती. मात्र स्वतःसारख्या मुलांची मैत्री त्यांच्या वाट्याला कमी येत होती. म्हणून माझं सांगणं असं की वर्ग नेहमीचा असू द्या आणि सुटीच्या दिवशी सारख्या मुलांचा मेळही असू द्या. याला काही विद्वान तडजोड म्हणतात. खुशाल म्हणोत.

दुसरं भांडण ‘तयारी झाली की पाठवा’ म्हणणाऱ्यांशी. कशाची तयारी? बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला अंगणवाडी थेट मुलांच्या अंगणात नेली, तेव्हा आधी तयारीचा दाखला मागितला नव्हता. गणिताचं मला मान्य आहे. संख्या या मुलांना जड जातात, तिथे नाण्या-नोटांवर आणि घड्याळावर समाधान मानावं. पण म्हणून मुलाला दोन इयत्ता मागे बसवू नका. बारा वर्षांच्या मुलाला आठ वर्षांच्यांत बसवलं, तर तो आठ वर्षांच्यासारखाच वागेल.

आता आजचं. समावेशाचा गजर कधी नव्हे इतका मोठा आहे. एकवीस मार्चला, जागतिक डाऊन सिंड्रोम दिनी, शाळाशाळांत वेगवेगळ्या रंगांचे मोजे घालून फोटो निघतात. २०१४ साली ‘येलो’ हा मराठी चित्रपट आला. डाऊन सिंड्रोम असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ त्यात स्वतःचीच भूमिका करत होती. मला तो मनापासून आवडला. पण तेव्हापासून पालकांना मूल पदक आणणारं हवं असतं आणि शाळांना ते पत्रकात छापायला. साधं, सावकाश शिकणारं, पदकाविना वाढणारं मूल कुणाच्याच पोस्टरवर नाही.

शहरातल्या महागड्या शाळांनी शॅडो टीचर काढली आहे. पगार पालकांनी द्यायचा, मूल तिने सांभाळायचं आणि वर्गाच्या बाईंनी त्याच्याकडे वर्षभर पाहायचंही नाही. मूल बाकावर बसतं, धडा त्याच्या डोक्यावरून जातो आणि हजेरीपुस्तकात समावेशन पूर्ण! खेड्यात याउलट, एकेक विशेष शिक्षक मोटारसायकलवर कितीतरी शाळा फिरतो, तोही बहुधा कंत्राटी. प्राथमिक शाळेत दहा विशेष मुलांमागे एक आणि त्यावर पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं. पदं भरण्याचा वेग पाहता तोवर आजच्या पहिलीतलं मूल दहावी ओलांडेल. आणि आठवी संपली की ‘याला मुक्त शाळेत घाला’ हा सल्ला मुख्याध्यापकांच्या जिभेवर तयारच असतो. पूर्वीचे मुख्याध्यापक प्रवेशालाच नाही म्हणत. हल्लीचे आठ वर्षं हो म्हणतात आणि मग नाही.

हृदयाच्या शस्त्रक्रिया आल्या आणि या मुलांचं आयुष्य वाढलं. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास सरासरी पंचवीस वर्षं होतं, ते आता साठीला टेकलं आहे. म्हणजे आज पहिलीत बसलेल्या मुलाला पुढे पन्नास वर्षं बसच्या पाट्या, औषधाच्या चिठ्ठ्या आणि मोबाइलवरचे निरोप वाचायचे आहेत. तेव्हा मुख्याध्यापक महाराज, किती विशेष मुलं ‘सामावून घेतली’ हा आकडा मला पुन्हा पाठवू नका. त्यांतलं प्रत्येक मूल जूनमध्ये किती शब्द वाचत होतं आणि एप्रिलमध्ये किती, तेवढं कळवा. तुमच्या शाळेचं समावेशन मला त्यावरून कळेल.