निकालाविरुद्ध कोर्टात जाण्याआधी

‘पेपर चांगला गेला होता, तरी नापास! कोर्ट मार्क वाढवून देईल का?’ मालेगावात एमएस्सी करून पुढे पीएच.डी.चा विचार करणारे बरेच जण हे विचारतात. उत्तर: बहुधा नाही. का, ते बघा.

यातला महत्त्वाचा खटला आपल्याच राज्य मंडळाचा. उत्तरपत्रिका पाहायला आणि पुनर्मूल्यांकनाला मंडळाच्या नियमाने मनाई होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम पुन्हा वैध ठरवला. नियम करण्याचा अधिकार होता का, हे कोर्ट तपासतं. धोरण योग्य की अयोग्य, हे शिक्षणातल्या तज्ज्ञांवर सोडतं.

२०११ मध्ये सीबीएसईच्या खटल्यात निम्मं दार उघडलं. माहिती अधिकार कायदा, २००५ नुसार स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते, असा निकाल लागला. पण या कायद्याच्या आधारे फेरतपासणी मागता येत नाही. तिच्यासाठी विद्यापीठाच्या नियमात तरतूद लागते.

म्हणून आधी मुदतीत छायांकित प्रत मागवा. एखादं उत्तर तपासायचं राहिलंय? बेरीज चुकलीय? ही चूक कागदावर दाखवता येते; आधी विद्यापीठाकडे लेखी अर्ज करा, पोच घ्या. ‘या उत्तराला दोन मार्क जास्त हवे होते’ हे मात्र मत झालं. मतावर खटला लढण्यात वर्ष जाऊ शकतं, आणि तेवढ्यात पीएच.डी. प्रवेशाची तारीखही.