गवती चहा : द्रव्यपरिचय व फांटविधी

निद्रानाश, हृद्द्रव अथवा आम्लपित्ताची तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णास चहा सोडण्याचा उपदेश आपण सारेच करतो. त्यावर 'मग सकाळी काय घ्यावे?' असा प्रश्न येतो आणि 'गवती चहा घ्या' असे उत्तर सहज दिले जाते. हे उत्तर किती अपुरे आहे, ते आम्हांस एका निद्रानाशाच्या रुग्णेमुळे उमगले. पंधरा दिवस गवती चहा घेऊनही त्यांच्या झोपेत फरक नव्हता. खोदून विचारता कळले, की त्या नेहमीच्याच चहात गवताची दोन पाती टाकून दिवसातून चार वेळा पीत होत्या. दोष त्यांचा नव्हे. महाराष्ट्रात घरोघरी हीच रीत आहे. एक कप चहात साधारणतः ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असते. वर गवत घातल्याने ते तसूभरही कमी होत नाही. गवतात स्वतःचे कॅफीन मुळीच नाही, पण हा लाभ चहापत्ती वगळली तरच मिळतो. कित्येक ठिकाणी या गवतास 'हिरवा चहा' म्हणतात, त्यामुळे 'ग्रीन टी'शी होणारा घोटाळा निराळाच. ग्रीन टीमध्ये कॅफीन असते.

ही वनस्पती म्हणजे सिम्बोपोगॉन सिट्रेटस, तृणकुलातील बहुवर्षायू गवत. ठोंब कंबरेएवढा वा त्याहून उंच वाढतो, पानांच्या कडा धारदार असतात, फुलोरा क्वचितच येतो आणि लागवड फुटव्यांपासून होते. पान चुरगाळताच येणारा लिंबाचा गंध सिट्रल या घटकाचा असून सुगंधी तेलात त्याचेच प्राधान्य असते. याच प्रजातीतील सिट्रोनेला गवत डास पळविण्यासाठी रोपवाटिकांतून विकले जाते व ते दिसावयास बरेच सारखे असते. त्याच्या खोडाचा तळ तांबूस असतो आणि गंधात साबणासारखी उग्र छटा असते. ते पिण्यास देऊ नये. रोहिष गवताचा गंध गुलाबाकडे झुकणारा असल्याने त्याची ओळख सोपी. पाने सुकून तुकडे झाल्यावर मात्र नाकाखेरीज दुसरी परीक्षा हाती उरत नाही. म्हणून औषधालयाने ओल्या ठोंबाची खात्री केल्यावाचून माल घेऊ नये, असे आम्ही सुचवितो.

गुणधर्मांचा विचार करता बहुतेक आधुनिक द्रव्यगुणकार गवती चहास भूस्तृण मानतात. चरकसंहितेच्या हरितवर्गात भूस्तृण कटु, रूक्ष, उष्ण व मुखशोधक सांगितले आहे. भावप्रकाशाने गुडूच्यादि वर्गात त्यास तीक्ष्ण, उष्ण, लघु व दीपन म्हटले आहेच, शिवाय विदाही आणि पित्तरक्तास दूषित करणारेही म्हटले आहे. येथे आपण थांबून विचार केला पाहिजे. प्रतिश्याय, कफज कास, अग्निमांद्य, आध्मान यांत हे द्रव्य उत्तम. परंतु आम्लपित्तासाठी ज्याचा चहा आपण बंद केला, त्यालाच हे विदाही द्रव्य दिवसातून तीन वेळा देणे कितपत युक्त? अशा रुग्णास आम्ही धन्याचा हिम देतो. शरद ऋतूत, रक्तपित्ताच्या प्रवृत्तीत व गर्भिणीस गवती चहाचा नित्य वापर आम्ही टाळतो. कॅफीन नाही एवढ्याने एखादे पेय सर्वांस पथ्यकर ठरत नाही, आणि जाहिरातींत नेमके हेच सोडून दिलेले असते.

आता विधी. घरोघरी पाती पाण्यात टाकून खळखळा उकळतात आणि स्वयंपाकघरभर सुवास दरवळला की चहा छान झाला असे समजतात. वस्तुतः तो सुवास म्हणजे पात्रातून निघून गेलेले औषध होय. सिट्रल वाफेबरोबर उडून जाते. कारखान्यात गवताचे तेल काढतात तेही याच तत्त्वावर, मात्र तेथे वाफ गोळा केली जाते! म्हणून सुगंधी द्रव्यास क्वाथ नव्हे, फांट योग्य. शार्ङ्गधराने क्वाथासाठी सोळापट पाणी आटवून अष्टमांश शेष ठेवण्यास सांगितले आहे, तर फांटासाठी एक पल द्रव्यास चार पल उष्ण जल. नित्य पेय म्हणून हे प्रमाण फार तीव्र होते. आम्ही १५० मिलिलिटर पाण्यास ताजी पाने ४ ग्रॅम किंवा छायाशुष्क पाने सव्वा ते दीड ग्रॅम वापरतो. ताजी पाने धुऊन कात्रीने बोटाच्या पेराएवढी कापावीत. पाणी उकळून विस्तवावरून उतरवावे, मग पाने घालून लगेच घट्ट झाकावे व सात-आठ मिनिटांनी गाळावे. तुकडे घशास टोचतात, यास्तव फडक्याने गाळणे बरे. झाकणाच्या आतील बाजूस जमलेले थेंब पेल्यातच पडू द्यावेत. कफाच्या तक्रारीत सुंठीची चिमूट घालावी, दूध नको.

औषधालयांसाठी एक व्यावहारिक बाब. डिसेंबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने स्पष्ट केले, की 'चहा' हा शब्द चहाच्या झुडपापासून केलेल्या उत्पादनांसाठीच वापरावा. 'हर्बल टी' अशी नावे दिशाभूल करणारी ठरतात. गवताचे मराठी नावच गवती चहा, त्याला आपण काय करणार? तरी पुडीवर 'गवती पाने, फांटासाठी' असे लिहिणे इष्ट. आमच्या त्या रुग्णेस अशी पुडी मिळाली असती तर तिने ती चहात घातली नसती. पाने सावलीत वाळवावीत, हवाबंद डब्यात ठेवावीत व डब्यावर वाळविल्याचा महिना लिहावा. चुरगाळून गंध आला नाही, तर तो माल विकू नये.