स्वयंचलित गाडीचे तेल

वसंतातल्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे विषय शोभून दिसतात. तेथे मोटारीच्या गिअरबॉक्समधल्या तेलाविषयी बोलायला उभे राहणे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु जिच्यावर घरातले आठ-दहा लाख रुपये खर्ची पडतात आणि जिच्या चाकावर कित्येकांचा रोजगार फिरतो, त्या वस्तूची निगा हा विषय क्षुल्लक मानता येत नाही. आम्ही इंजिनिअर नाही. आमचे आयुष्य कामगारांच्या चळवळीत गेले. यंत्रांविषयी जे काही ज्ञान पदरी पडले ते कारागिरांच्या तोंडून आणि कंपन्यांची पुस्तके वाचून. तेव्हा विषय सोप्या भाषेत मांडण्यावाचून आम्हाला गत्यंतरच नाही.

आरंभी एक गैरसमज दूर केला पाहिजे. क्लचचे पेडल नाही अशी प्रत्येक गाडी आपण ‘ऑटोमॅटिक’ म्हणून मोकळे होतो. वस्तुतः या एका नावाखाली निदान चार जाती नांदतात. पहिली टॉर्क कन्व्हर्टरची. दुसरी सीव्हीटीची, हिच्यात दातेरी चक्रांच्या जोड्यांऐवजी दोन पुलींवरून पोलादी पट्टा किंवा साखळी फिरते. तिसरी दुहेरी क्लचची. आणि चौथी एएमटी. ही चौथी जात म्हणजे नेहमीचाच गिअरबॉक्स. फक्त क्लच दाबण्याचे व गिअर टाकण्याचे काम चालकाऐवजी यंत्र करते. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर ती आपल्याकडे आली आणि स्वस्त म्हणून झपाट्याने पसरली. या चौघींची तेले निराळी आहेत. एएमटीच्या गिअरबॉक्समध्ये साधे गिअर ऑइलच असते. म्हणजे ‘ऑटोमॅटिक गाडीत कोणते तेल घालावे?’ हा प्रश्नच अपुरा आहे. आधी विचारायचे ते हे, की गाडी कोणत्या जातीची?

आता तेल तेथे करते तरी काय? साध्या गिअरबॉक्समध्ये त्याचे काम दात्यांना झीज लागू न देण्याचे. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत मात्र तेच तेल ताकद वाहून नेते. दोन टेबलपंखे समोरासमोर ठेवावेत आणि एकच चालू करावा. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही फिरू लागतात. वाऱ्याच्या जागी तेल घ्या आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात घाला, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरची कल्पना येईल. जर्मनीतल्या हर्मन फोटिंगर यांनी १९०५ साली या तत्त्वाचे पेटंट घेतले ते आगबोटींसाठी. पुढे अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ साली ‘हायड्रामॅटिक’ गिअरबॉक्स जाहीर केला, आणि तेलाच्या जोरावर आपोआप गिअर बदलणारी गाडी सामान्य गिऱ्हाइकापर्यंत पोहोचली.

ताकद वाहण्याखेरीज त्या तेलाकडे आणखी कामे आहेत. त्याच्या दाबाने झडपा उघडतात व मिटतात, आणि त्यामुळे गिअर बदलतो. तेच उष्णता उचलून कूलरपर्यंत नेते. तेच चक्रांना वंगण देते. आणि सगळ्यांत नाजूक काम म्हणजे क्लचच्या प्लेटींमधले घर्षण नेमके राखणे. तेल फार निसरडे असेल तर प्लेटी घसरतात आणि जळतात. कमी निसरडे असेल तर गाडी हिसके देते. एकाच द्रवाने वंगणही द्यायचे आणि पकडही सांभाळायची, अशी ही कसरत आहे. म्हणून हे तेल नुसते वंगण समजू नये. तो त्या यंत्राचा एक सुटा भाग आहे. दुसऱ्या गाडीचा बेअरिंग केवळ डब्यात मावतो म्हणून आपण ठोकून बसवत नाही. तेलालाही तोच न्याय लावला पाहिजे.

या कसरतीची एक करुण कथा आहे. जनरल मोटर्सने १९४९ साली ‘टाइप ए’ नावाचे प्रमाण ठरवले. त्या काळच्या अशा तेलांत घर्षण साधण्यासाठी स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल मिसळत. आगगाडीच्या डब्याहून थोडा लहान असा हा प्राणी अमेरिकेतल्या मोटारींचे गिअर सुरळीत पडावेत म्हणूनही मारला जात होता. १९७० साली अमेरिकेने त्याची नोंद धोक्यातल्या प्राण्यांत केली आणि पुढे त्याच्या तेलाची आयात बंद पडली. मग रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. आरंभीच्या काही पर्यायांनी गंज आणि बिघाडाच्या तक्रारीही ओढवून घेतल्या. डब्यातला एक घटक बदलला की यंत्र कसे कुरकुरते, याचा हा धडा आहे.

‘टाइप ए’च्या मागून १९६७ साली डेक्सरॉन आले, डेक्सरॉनचीच सहावी आवृत्ती २००५ साली आली. फोर्डने मरकॉन काढले, टोयोटाने टी-फोर आणि डब्ल्यूएस, होंडाने डीडब्ल्यू-वन. सीव्हीटीची तेले तर स्वतंत्रच, कारण तेथे पोलादाने पोलादाला घट्ट धरायचे असते. साधे एटीएफ तेथे घातले तर पट्टा घसरतो आणि पुलीवर ओरखडे पडतात. दुकानदार कधी डबा उघडून म्हणतो, ‘पाहा, लालभडक आहे, असलीच तेल!’ लाल रंग हा गुण नव्हे. गळती झाली तर ती इंजिनच्या तेलाची की गिअरबॉक्सची हे ओळखू यावे म्हणून घातलेला तो रंग आहे. कित्येक नवी तेले लाल नसतातही.

तेव्हा निवडीचा नियम एकच. गाडीबरोबर आलेले पुस्तक उघडावे, त्यात छापलेले प्रमाण अक्षर-न्-अक्षर कागदावर उतरवावे, आणि तेच प्रमाण डब्याच्या पाठीवर आहे की नाही ते पाहावे. कंपनीच्याच शिक्क्याचे तेल पाहिजे असे नाही. त्या प्रमाणाला उतरल्याचे दुसऱ्या भरवशाच्या उत्पादकाने स्पष्ट छापले असेल तर तेही चालते. ‘सर्व गाड्यांना चालते’ एवढेच लिहिलेला डबा मात्र परत ठेवावा. डब्याचे सील आपल्यासमोर फुटले पाहिजे, आणि रिकामा डबा भोक पाडूनच टाकावा. नाहीतर त्यात भेसळीचे तेल भरून तो पुन्हा बाजारात उभा राहतो.

तेल बदलावे केव्हा? काही कंपन्या सांगतात, ‘हे तेल गाडीच्या आयुष्यभरासाठी आहे.’ हे वाक्य ऐकून आमच्यासारख्या करारमदार वाचणाऱ्याचे कान टवकारतात. आयुष्य म्हणजे किती? वॉरंटी संपेपर्यंत की गिअरबॉक्स मोडेपर्यंत? ज्यांचे गिअरबॉक्स अनेक गाड्यांत बसतात त्या जर्मनीतल्या झेडएफ कंपनीचेच सांगणे असे की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर, किंवा आठ वर्षे, यांत तेल बदलावे. कित्येक गाड्यांच्या पुस्तकात ‘कडक वापर’ असा निराळा रकाना असतो आणि त्यातला आकडा लहान असतो. कडक वापर म्हणजे कोणता? तीव्र उष्णता, धूळ, थांबत-थांबत चालणे, टॅक्सीचा धंदा. वाचकहो, मे महिन्यात सीताबर्डीच्या सिग्नलवर एसी लावून उभी असलेली गाडी याहून निराळी काय आहे? नागपूरकराने आपली गाडी त्या लहान आकड्यातच धरावी.

यामागे कारण आहे ते उष्णतेचे. गिअरबॉक्सचे तेल साधारण ८०-९० अंशांवर सुखाने काम करते. त्यापुढे दर दहा अंशांगणिक त्याचे आयुष्य निम्मे होते असा एक ढोबळ आडाखा आहे. ज्या शहरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला, तेथे कूलरला तेल थंड करायला हवा तरी कोठली मिळणार? तेल काळपट झाले, करपल्याचा वास आला, ‘डी’ किंवा ‘आर’ टाकल्यावर गाडी क्षणभर विचार करू लागली, किंवा इंजिन ओरडते पण वेग वाढत नाही, तर किलोमीटर मोजत बसू नये. मात्र प्लेटी एकदा जळल्या की नव्या तेलाने त्या परत येत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

आता बदलण्याची रीत. खालचा नट सोडून तेल काढले तर सगळे निघत नाही. बरेचसे कन्व्हर्टरमध्येच अडकून राहते. म्हणून जेवढे निघाले तेवढे मोजून भरावे, आणि जुने तेल फारच खराब असेल तर थोडी गाडी चालवून हीच क्रिया पुन्हा करावी. चेंबर उघडता येत असेल तर फिल्टर व पॅकिंग बदलावे आणि आतल्या चुंबकावर काय साचले ते पाहावे. बारीक राखाडी लेप हा नेहमीच्या झिजेचा. धातूचे तुकडे दिसले तर ती धोक्याची घंटा समजावी. वर्षानुवर्षे हात न लागलेल्या गिअरबॉक्सवर जोराच्या दाबाचे धुलाई-यंत्र चालवण्याची घाई करू नये.

खरी परीक्षा पातळीची आहे. जुन्या गाड्यांत डिपस्टिक असे. इंजिन चालू ठेवून, दांडा प्रत्येक खाचेतून फिरवून, पुस्तक सांगेल त्याप्रमाणे तेल गरम असताना काडी पाहिली की झाले. नव्या गाड्यांत काडीच नाही. तेथे तेल एका ठराविक तापमानाला आणून, इंजिन चालू ठेवून, बाजूचे बूच उघडतात. जास्तीचे तेल वाहून धार बारीक झाली की पातळी बरोबर. हे तापमान गाडीगणिक निराळे, पण पुष्कळदा ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असते. येथे नागपूरची अडचण सुरू होते. नवतपात भर दुपारी हवाच ४५ अंशांची. तेल त्याहून थंड होणार कसे? गरम तेल फुगते, फुगलेले जास्त वाहून जाते, आणि गार झाल्यावर गिअरबॉक्स अर्धपोटी राहतो. मग पंप तेलाबरोबर हवा ओढतो, दाब पडतो आणि प्लेटी घसरू लागतात. कागदोपत्री तेल नवे, आणि महिन्याभरात गाडी पुन्हा दारात!

यावर उपाय साधा आहे. उन्हाळ्यात हे काम पहाटे करावे. गाडी आदल्या रात्री गॅरेजच्या सावलीत सोडावी आणि सकाळी सहाला काम धरावे. तापमान स्कॅनरवर पाहावे, पण त्या आकड्याचीही शहानिशा करावी. रात्रभर उभ्या गाडीच्या तेलाचे तापमान भिंतीवरच्या साध्या थर्मामीटरशी जुळले पाहिजे. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस आपल्याच शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर गवगवा झाला. हवामान खात्याने तपासले तेव्हा यंत्रच बिघडलेले निघाले. आकडा दिसला म्हणून तो खरा असतोच असे नाही.

आता आमच्या जिव्हाळ्याचा मुद्दा. काही काळापूर्वी आमच्याकडे एक प्रकरण आले. एका गॅरेजमध्ये एका तरुण फिटरने सीव्हीटीच्या गाडीत पिंपातले लाल तेल भरले. गिअरबॉक्स गेला, आणि मालकाने पोराच्या पगारातून कपात लावली. आम्ही जॉबकार्ड मागितले. त्यावर एवढेच लिहिलेले होते: ‘ऑटोमॅटिक, ऑइल बदलणे.’ गाडीची जात नाही, तेलाचे प्रमाण नाही. पिंपावर चिठ्ठी नाही. आणि दिवसाला किती गाड्या बाहेर पडल्या याचा तक्ता मात्र भिंतीवर ठळक! नुकसानीची कपात करण्यापूर्वी कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे, असा १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याचा नियम होता. २०१९ च्या वेतन संहितेतही तो कायम आहे. ही बाजू मांडली गेली, आणि मालकालाही ती पटली. कपात परत मिळाली. त्याहून मोठी गोष्ट अशी की जॉबकार्डावर चार रकाने वाढले: गिअरबॉक्सची जात, तेलाचे प्रमाण, किती निघाले व किती भरले, आणि पातळी पाहतानाचे तापमान. तुम्ही गिऱ्हाईक म्हणून हे चार रकाने मागा. त्यात तुमची गाडी वाचते आणि त्या पोराचा पगारही.

त्याच्या कातडीचाही विचार झाला पाहिजे. लँकेशायरच्या गिरण्यांत म्यूल यंत्रावर सूत काढणाऱ्यांचे कपडे चात्यांवरच्या खनिज तेलाने भिजत, आणि त्यांतल्या कित्येकांना कर्करोग झाला. अखेर १९५३ साली इंग्लंडात चात्यांना कोणते तेल वापरावे याचेच नियम झाले. आपल्या एम्प्रेस मिलच्या शहराला चाती आणि तेल यांची ओळख नव्याने करून द्यायला नको. आजची शुद्ध केलेली तेले त्या तेलांइतकी घातक नाहीत. तरीही वापरलेले, तापलेले तेल उघड्या हातांवर रोज घेणे बरे नव्हे. हातमोजे, साबण आणि पाणी ही मेहरबानी नव्हे, अवजारेच आहेत.

शेवटी काढलेल्या तेलाचे काय? ते गटारात ओतले तर नाग नदीत जाते, तेथून कन्हानला, पुढे वैनगंगेला, आणि गोसीखुर्दच्या जलाशयात कास्तकाराच्या पाण्याला मिळते. २०१६ च्या नियमांनी वापरलेले तेल घातक कचऱ्यात धरले आहे. ते साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. ‘जुने तेल कोठे जाते?’ असे गॅरेजवाल्याला एकदा विचारून पाहावे. विचारणारे गिऱ्हाईक आहे हे कळले की पिंपाला झाकण बसते.

सारांश, तेल पुस्तकाने ठरवावे, वेळ ऋतूने ठरवावी, आणि बदलणाऱ्याला पुरता अवधी व नीट लिहिलेला कागद द्यावा. अर्ध्या तासात उरकून मागितलेले काम अर्धेच होते, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत पुढे कोणाला तरी भरावी लागते. ती बहुधा ज्याच्या हाती पाना असतो त्याच्याच माथी मारली जाते.