‘शेवटी बाहेरच फेकतात ना?’

रेल्वेच्या डब्यात कचराकुंडी शोधणाऱ्याला एक वाक्य हमखास ऐकवलं जातं: ‘कशाला जपून ठेवता? सफाईवालेही पुढे सगळं दारातून बाहेरच टाकतात.’ हा समज इतका रुजला आहे की खिडकीतून चहाचा कप भिरकावणाऱ्याला आपलं काही चुकतंय असं वाटतही नाही. कर्मचारी कचरा बाहेर ढकलतानाचे व्हिडिओ पाहायला मिळतात, हे खरं; पण ती नियमाची पायमल्ली आहे, पद्धत नव्हे. ज्या गाड्यांत ‘ओबीएचएस’ ही चालत्या गाडीतली सफाईसेवा आहे, तिथे कचरा पिशव्यांत बांधून ठरलेल्या स्थानकांवर उतरवायचा असतो. कुणी तो बाहेर टाकताना दिसलं, तर १३९ क्रमांकावर किंवा ‘रेलमदद’वर तक्रार करा. दुसऱ्याच्या कामचुकारपणाने आपल्याला कचरा फेकण्याचा परवाना मिळत नाही.

स्थानकावर पडलेला कचरा झाडून नेता येतो. दोन स्थानकांमधला रूळमार्ग रोज झाडणार कोण? रुळांखालची खडी गाडीचा भार पेलते आणि पाण्याचा निचराही करते. तिच्यात प्लॅस्टिक आणि माती अडकली की पाणी साचतं, रुळांचा आधार कमकुवत होतो. उरलेला कचरा वाहत जाऊन नाले आणि मोऱ्या तुंबवतो. म्हणूनच मुंबईत पावसाळ्याआधी रेल्वेला रुळांलगतचा गाळ-कचरा उपसून ‘मक स्पेशल’ गाड्यांनी हलवावा लागतो. यावर उत्तर येतं की मुंबई तुंबते ती अतिवृष्टीने आणि भरतीने, शिवाय बराच कचरा लगतच्या वस्त्यांमधूनही येतो. दोन्ही खरं आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस कोणत्याच नाल्यात मावला नसता. पण एरवीच्या जोरदार पावसाचं पाणी याच मोऱ्यांतून जायचं असतं आणि त्या बुजवण्यात प्रवाशांचाही हात आहे.

बाकीचे समज थोडक्यात. ‘कप कागदाचाच आहे’: त्याला आतून बहुधा प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. ‘सालं-उष्टं कुजून जातं’: त्याआधी ते उंदरांना आणि गुराढोरांना रुळांवर खेचतं. ‘संडासात काहीही चालतं’: जैवशौचालयातले जिवाणू फक्त मैला पचवतात, बाटल्या, नॅपकिन, गुटख्याच्या पुड्यांनी ते तुंबतं, आणि महालेखापरीक्षकांनी (‘कॅग’) २०१७च्या अहवालात अशा तुंबण्याच्या तक्रारींवर बोट ठेवलं होतं. ‘गाडीतून खाडीत निर्माल्य सोडणं पुण्याचं’: ताशी ८० किलोमीटर वेगाच्या गाडीतून निर्माल्यासोबत सुटलेल्या नारळाला सेकंदाला २२ मीटरचा वेग असतो, तो कुणाच्या डोक्यात बसला तर जीव जाऊ शकतो. ‘दंडबिंड काही नसतो’: २०१२च्या नियमांनुसार रेल्वेच्या हद्दीत घाण करणाऱ्याला ५०० रुपयांपर्यंत दंड होतो.

कुंडी भरलेली असेल, तर कचरा पिशवीत बांधा आणि उतरल्यावर फलाटावरच्या कुंडीत टाका. खिडकीबाहेर टाकू नका.